कर माफ झाला, हिशोब कुठे आहे?

निवडणुकीचा गुलाल उतरल्यावर शेजारच्या खाला घरपट्टीचं बिल घेऊन आल्या. मोहल्ल्यात मराठी कागद वाचून घ्यायचा असला की लोक माझ्याकडे येतात. मास्तर उर्दूही शिकवतो आणि मराठीही, एवढीच त्यामागची पात्रता. खालांचं घर दोन खोल्यांचं, चारशे चौरस फुटांच्या आतलं. त्या म्हणाल्या, "सर, ये तो माफ हो गया था ना? प्रचारात पण सगळे तेच बोलत होते. मग ये पैसा किस बात का?"

मी बिल हातात घेऊन एकेक ओळ वाचून दाखवली आणि म्हणालो, "खाला, सगळं बिल माफ झालेलं नाही. त्यातली एक ओळ माफ झाली आहे."

मालमत्ता कर हा एक कर नाही, ते एक गाठोडं आहे. त्यात सामान्य कर असतो, पाण्याशी आणि मलनिःसारणाशी संबंधित कर असतात, रस्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर असतात. त्यातला राज्याचा शिक्षण कर तर पालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडे भरते. ठाण्यात पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली ती सामान्य कराची. एकूण बिलाचा साधारण ३१ टक्के भाग माफ झाला, असं त्या वेळी सांगितलं गेलं होतं. समजा बिल ३,००० रुपयांचं असेल तर ९३० रुपये सुटले आणि २,०७० राहिले. सुटलेल्या पैशाचा महिन्याचा हिशोब ७८ रुपयांच्या आत बसतो. खाला पिण्याच्या पाण्याच्या जारवर महिन्याला याच्या कितीतरी पट खर्च करतात.

माफीला माझा विरोध नाही. छोट्या घराला सवलत मिळायलाच हवी. पण २०१७ च्या महापालिका निवडणुकीपासून मुंबई आणि ठाण्यात 'पाचशे चौरस फूट' हे तीन शब्द इतके वाजले की बाकीचे प्रश्न ऐकूच येईनासे झाले. मुंबईत २०१९ मध्ये आधी फक्त सामान्य कर माफ झाला. लोकांनी विचारलं, पूर्ण माफीचं वचन होतं ना? मग १ जानेवारी २०२२ ला पूर्ण माफीची घोषणा झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच ठाण्याच्या प्रस्तावाला राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवला, पण तो सामान्य करापुरता. कल्याण-डोंबिवलीला त्या वेळी काहीच मिळालं नाही.

लोकलने मुंब्र्याहून डोंबिवलीकडे निघालात की मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली अशी स्टेशनं येतात. दिवा ठाणे महापालिकेत आहे, कोपर कल्याण-डोंबिवलीत. दोन स्टेशनांमध्ये काही मिनिटांचं अंतर. दिव्यातल्या चारशे फुटांच्या खोलीला सवलत आणि कोपरच्या तेवढ्याच खोलीला पूर्ण बिल. पगार तोच, लोकलची गर्दी तीच. मग गरज मोजली कुणी आणि कशाने?

कल्याण-डोंबिवलीत तर उलटा अनुभव आला. २०२१ च्या सुमारास तिथे घनकचऱ्याचं शुल्क लागू झालं, महिन्याला ५० म्हणजे वर्षाला ६०० रुपये. पाचशे फुटांचं घर असो की दोन हजार फुटांचं, आकडा सारखाच. कराचा दर एका पैशानेही न वाढवता बिल कसं वाढतं, त्याचा हा नमुना. 'करवाढ नसलेलं अंदाजपत्रक' अशी बातमी वाचली की मी आता आधी शुल्काची ओळ शोधतो.

सवलती अनेक प्रकारच्या असतात. पाचशे फुटांची सवलत डोळ्यांसमोर असते, म्हणून आपल्याला तेवढीच माहीत. दुसरी सवलत वेळेआधी पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. म्हणजे ज्याच्या हातात एप्रिल-मेमध्ये रोख पैसा आहे, त्याला. तिसरी म्हणजे अभय योजना. कर थकवला की कायद्याने दरमहा २ टक्के दंड चढतो. तो वर्षानुवर्षं थकवायचा आणि मग पालिकेला पैशांची निकड लागली की व्याज माफ करून घ्यायचं. कल्याण-डोंबिवलीत २०२० मध्ये थकबाकीवरचं ७५ टक्के व्याज माफ करणारी अशी योजना आली होती. कोविडच्या वर्षी काहींना तिची खरीच गरज होती, हे मान्य. पण पोटाला चिमटा काढून वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला अशा प्रत्येक योजनेनंतर आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. चौथी सवलत मोठ्यांची. कल्याण-डोंबिवलीत मोकळ्या जमिनीवरचा कर कमी व्हावा म्हणून बिल्डरांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि महासभेत कपातीचा ठरावही झाला. त्यांची मागणी चूक होती की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. पण त्यांनी कागद वाचले, आकडे मांडले, पुन्हा पुन्हा चकरा मारल्या. आपण काय केलं?

आणखी एक गोष्ट. सवलत घरमालकाला मिळते. मुंब्रा-कौशात, कल्याणच्या दूधनाक्यावर किती कुटुंबं भाड्याने किंवा हेवी डिपॉझिटवर राहतात! घरपट्टी कमी झाली म्हणून कुणाचं भाडं शंभर रुपयांनी उतरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. सगळ्यात गरीब माणूस भाडेकरू असतो आणि ही माफी त्याच्या दारावरून पुढे निघून जाते.

माफ केलेला पैसा कुठून तरी भरून काढावा लागतो. पूर्वी पालिकांना जकात होती. ती गेली, एलबीटी आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला. आता राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. स्वतःच्या हक्काचं म्हणून उरलं काय, तर मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांतून येणारी शुल्कं. मालमत्ता कराचा हात आखडला की तिजोरीची नजर बांधकाम शुल्काकडे वळते, म्हणजे आणखी टॉवर. टॉवरला पाणी लागतं आणि ते ज्या जलवाहिनीतून येतं, तिच्या शेवटच्या टोकाला आपल्या खाला बसलेल्या असतात.

म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न माफी किती हा नाही. भरलेल्या पैशाचं काय झालं, हा आहे. ठाणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५,६४५ कोटींचं होतं, कल्याण-डोंबिवलीचं ३ हजार कोटींच्या पुढे. ही दोन्ही अंदाजपत्रकं लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाने मंजूर केली नव्हती. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. जो अधिकारी अंदाजपत्रक मांडायचा, तोच ते मंजूर करायचा. शाळेत मुलाने स्वतःच पेपर लिहून स्वतःच तपासला तर आपण त्याला निकाल म्हणतो का?

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. आता ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक आहेत. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महासभेने ठरवायचे असतात. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून ते महासभेत जातं. त्यात साधारण तीन रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषण तिसऱ्या रकान्यावर होतं, सत्य पहिल्या रकान्यात असतं. उर्दू शाळेच्या दुरुस्तीला तिसऱ्या रकान्यात कितीही लिहा, पहिल्या रकान्यात शून्य असेल तर गळकं छत गळकंच राहणार.

आपल्या वस्त्यांबाबत आणखी एक अवघड गोष्ट बोलायला हवी. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंब्र्यात आली. जिथे जागा मिळाली तिथे राहिली, आणि घाईत उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींना परवानगी नव्हती. अशा इमारतींनाही कर लागतो, आणि कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरलं असं नाही, हेही पालिका त्याबरोबरच कळवून ठेवते. तरीही आपले लोक ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुराण शरीफच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवतात. कारण या शहरात आपण राहतो याचा तो एक सरकारी पुरावा असतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या अनधिकृत निवासी बांधकामांची शास्ती, म्हणजे दंडाचा दुप्पट कर, रद्द केली. दिलासा मिळाला, पण भिंत मजबूत झाली नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही त्या प्रकरणात अटक झाली. इमारत उभी राहत असताना ज्यांनी डोळे मिटले, त्यांचे पगार आपल्याच करातून होत होते. अशा ठिकाणी मला सामान्य करातल्या ९३० रुपयांच्या माफीपेक्षा पालिकेच्या खर्चाने माझ्या इमारतीची संरचनात्मक तपासणी झालेली जास्त आवडेल.

दोष फक्त पालिकेचा नाही. आपली सवयही अशी झाली आहे की नगरसेवकाकडे जायचं ते दाखल्यासाठी, गटारीसाठी, फार तर कब्रस्तानच्या जागेसाठी. अंदाजपत्रकाची प्रत मागितली असं कधी होत नाही. मस्जिदीचा सामान्य कर माफ असतो हे सगळ्यांना माहीत असतं. मंदिराचा, चर्चचा, सार्वजनिक धर्मादाय जागेचाही तो माफ असतो. पण त्याच जागेतलं दुकान भाड्याने दिलं की त्या भागाची माफी जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. नोटीस आली की मग धावपळ आणि 'हमारे साथ ही ऐसा क्यों'. कधी ते खरं असतं, कधी आपण कागद वाचलेला नसतो. दोन्हींतला फरक वाचल्याशिवाय कळत नाही.

हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. सगळ्यांना कापडाचा सारखा वाटा मिळाला असताना खलीफाच्या अंगावरचा कुर्ता लांब कसा, असं एका साध्या माणसाने भर मजलिसीत विचारलं. उमरनी त्याला गप्प केलं नाही. मुलाने उठून सांगितलं की माझा वाटा मी त्यांना दिला. आपण या गोष्टीत उमरची थोरवी पाहतो, आणि ती आहेच. पण विचारणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. तो उठला नसता तर ही रिवायतच नसती.

आणि ही परंपरा मराठी मातीचीही आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पालिकेचे पैसे उधळायला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहात ते एकटे पडले. तरी विरोध नोंदवूनच थांबले.

आपण एवढं तर करू शकतो. आपल्या प्रभागात आता चार-चार नगरसेवक आहेत. चौघांनाही तीन प्रश्न लेखी विचारूया. आपल्या प्रभागातून गेल्या वर्षी किती मालमत्ता कर जमा झाला? त्याच वर्षी प्रभागात प्रत्यक्ष किती खर्च झाला आणि कशावर? आणि दिलेल्या प्रत्येक सवलतीचा, छोट्या घराच्या आणि बिल्डरच्याही, भार किती आणि तो भरून कुठून काढला? माफी वाढवायची असेल तर जरूर वाढवा. कोपरच्या घरालाही द्या. पण उत्तरं आधी द्या.

खालांनी दुसऱ्या दिवशी बिल भरलं आणि पावती दाखवायला आल्या. मी म्हटलं, "खाला, आता ही फक्त ठेवून देऊ नका. नगरसेवकाकडे जाताना सोबत घ्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम साथ चलोगे तो जाऊंगी."

जाणार आहे. तुमच्या इमारतीतूनही कुणी निघालं तर बरं होईल.