काट्याचा आकडा सर्वांना दिसावा



काट्यावर गाडी उभी राहिली की आपण पहिलं काय करतो? मान वर करून आकडा बघतो. आकडा दिसला तर भरवसा, नाही दिसला तर मनात शंका. हाच न्याय आता वेबसाईटला लावण्याची वेळ आली आहे.

गेल्या दिवाळीत विरारला मावसभावाकडे गेलो होतो. वसई-विरारच्या पट्ट्यात एके काळी ऊस नि केळी पिकत. आज इमारतींचं पीक आहे. मधुमेहाने भावाची नजर गेली, पण माणूस खचलेला नाही. मोबाईलच त्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. ही सोय साध्या अँड्रॉइड फोनमध्ये असते, वेगळे पैसे पडत नाहीत. त्या दिवशी मात्र एका कार्यालयाची नोटीस उघडली, तर मोबाईल नुसता 'इमेज' म्हणून गप्प बसला. कागदाचा फोटो काढून चिकटवलेला! पुढे वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरण्याची अट आली. शेवटी शेजारच्या पोराच्या हाती मोबाईल आणि ओटीपी दोन्ही दिले. भाऊ म्हणाला, "हक्क माझा, पण किल्ली दुसऱ्याकडे."

कोणी म्हणेल, असे लोक असून असून किती? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. शिवाय मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे, जेमतेम अक्षरओळख असलेले वेगळेच. म्हणजे आज ना उद्या आपणच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही सोय सांगितलेली आहे. 30 एप्रिल 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तेव्हा ही मेहेरबानी नव्हे.

काम अवघडही नाही. रान बांधतानाच उतार धरला तर पाणी आपोआप फिरतं. मागाहून चर खणत बसावं लागतं. तसंच हे. मजकूर फोटोत नको, युनिकोड अक्षरांत हवा. जुन्या फाँटमधली मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण वाचणाऱ्या यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. प्रत्येक बटणाला नाव हवं, चित्रामागे ते कशाचं याची ओळ हवी. 'बिल जमा' हे नुसत्या हिरव्या ठिपक्याने नव्हे, शब्दांत सांगावं. अक्षरं ठळक असावीत आणि मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये. याचे जागतिक नियम 1999 पासून आहेत. तपासायला एनव्हीडीए नावाचं वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

ऊसनोंद, वजन, बिल मोबाईलवर जरूर यावं. पण वेबसाईटचं काम देताना कारखान्याने करारातच ही अट घालावी. आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल काढण्यापूर्वी नजर नसलेल्या एका सभासदाकडून ती चालवून घ्यावी. त्याला स्वतःचं वजन नि बिल कोणाच्या मदतीशिवाय कळलं, तरच काम पास. तोवर कागदी पावतीही बंद करू नये.

सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. लहान-मोठा सभासद तिथे सारखा. मग वेबसाईटच्या दारातच कोणाला का अडवायचं? येत्या वार्षिक सभेत हा विषय जरूर घ्यावा, ही संचालक मंडळास नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद