मणक्यातली ‘गॅप’ आणि दहा दिवसांचा शेक

“डॉक्टर, मणक्यात गॅप आहे म्हणतात. पट्टा लावू का वजन?” इंदापूरकडून बारामतीला येणारे पेशंट एमआरआय पुढे करत हेच विचारतात. ही ‘गॅप’ म्हणजे बहुतेक वेळा मणक्यांमधल्या चकतीची झीज. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,००० हून अधिक लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत ही झीज होतीच! केस पिकतात तशी चकती झिजते.

तरी दहा दिवसांचा शेक लिहून दिला जातो. उसात खुरपणारी बाई मजुरी बुडवून एसटीने येते आणि मशिनखाली पडून राहते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सांगितले आहे की ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि पट्टा नेहमीच्या उपचारात नकोत. व्यायाम शिकवा, दुखणे समजावून सांगा. पण मशिनचे बिल करता येते, समजावण्याचे कोण देणार?

अंथरूण धरणेही चूकच. फिनलंडच्या १९९५ च्या अभ्यासात, नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी जमेल तशी रोजची कामे करत राहिलेले सर्वांत लवकर सावरले.

पायातली ताकद गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, जांघेत बधिरपणा आला किंवा सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, “मला घरी करायला कोणता व्यायाम शिकवणार?” उत्तरादाखल नुसते मशिनकडे बोट दाखवले, तर परतीची एसटी धरा.