फोटोत आई कुठे आहे?

सुट्टीत समुद्रावर जाऊन आलं की पहिला आठवडा बॅगांमधली वाळू झटकण्यात जातो आणि दुसरा आठवडा फोटो दाखवण्यात! पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. एकेक फोटो जपून काढायचा. आता मोबाइलमुळे माणशी शंभर फोटो. तरी एक गंमत आहे. ठरवून, ‘हसा हसा’ म्हणून काढलेले फोटो सगळे सारखेच निघतात. मजा असते ती भलत्याच फोटोंत.

यंदा आम्ही मुरुडला गेलो होतो. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं मुरुड. माझ्या मोबाइलमधला पहिला मासला बघा : कोकणच्या किनाऱ्यावर उंट! वाळवंटातला प्राणी समुद्राकडे पाठ करून उभा आणि त्याच्यावर बसलेली पोरं भोकाड पसरून रडतायत. दुसरा : ‘येथे पाण्यात उतरणे धोक्याचे आहे’ अशी पाटी आणि त्याच पाटीवर वाळत घातलेले ओले टॉवेल. तिसऱ्यात हौसेने वाळूत नेलेली गाडी रुतून बसलीय, भरती जवळ येतेय आणि दहा जण दहा प्रकारचे सल्ले देतायत. ढकलतंय मात्र कुणीच नाही!

माझा सगळ्यात आवडता फोटो रांगोळीचा. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत वाटाण्याहून लहान गोळ्यांची नक्षी दिसते. ती काढतात इवलेसे खेकडे. वाळूतलं अन्न तेवढं खायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. असं करत बिळाभोवती फुलासारखी रांगोळी तयार होते. भरती आली की सगळं पुसून जातं. पुढच्या ओहोटीला खेकडे पुन्हा कामाला लागतात. रोज ओटा पुसणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे वेगळं सांगायला नको!

पण हे सगळे फोटो पुन्हा बघताना एक गोष्ट खटकली. किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घोळक्याच्या मागे, कोरड्या वाळूत, एक बाई बसलेली आहे. समोर चपलांचा ढीग, मांडीवर पर्स, खांद्यावर टॉवेल, हातात कुणाचं तरी घड्याळ. बाकी सगळे पाण्यात. ती मधूनच ओरडते, ‘अरे, फार आत जाऊ नका!’ घरी गेल्यावर त्या कुटुंबाच्या फोटोंत बाबा असतील, मुलं असतील, उंटसुद्धा असेल. आई नसेल. असलीच तर कोपऱ्यात, अर्धी कापलेली.

ही क्षुल्लक बाब नाही, मैत्रिणींनो. हे मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आपण शिकलो, नोकऱ्या करू लागलो, घराबाहेर पडलो ते अशा माणसांनी सोसलं म्हणून. आणि एवढं होऊन त्याच किनाऱ्यावर आपण चपला राखत बसायचं? बरं, ‘तू बसून राहा’ असं कुणी म्हणालेलंही नसतं. घरच्यांनी ते गृहीत धरलेलं असतं आणि आपणही. ‘साडी भिजेल’, ‘लोक काय म्हणतील’, ‘आता काय वय आहे का?’ ही कारणं आपल्याला पाठच असतात.

तिथे सत्तरीच्या पुढच्या एक आजी दिसल्या. नऊवारीचा काष्टा मारलेला, सुनेचा हात घट्ट धरलेला. लाट आली की दोघी किंचाळून उडी मारत होत्या. सासू-सुनेचं इतकं छान जमलेलं मी तरी क्वचितच पाहिलं असेल! त्यांचा फोटो मात्र मी काढला नाही. अनोळखी भिजलेल्या बाईचा फोटो न विचारता काढू नये, हेही मुलांना सांगून ठेवायला हवं.

तेव्हा पुढच्या सहलीला घरातून निघतानाच ठरवा. सामानाजवळ पाळीपाळीने बसायचं, अर्धा अर्धा तास. पहिली पाळी बाबांची! भिजले तरी चालतील असे कपडे घ्या. कॅलेंडर बघून तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. कोकणातला हा जुना हिशेब आहे. अर्थात तो अंदाजच, नक्की वेळ गावकऱ्यांनाच विचारा. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

आणि एक फोटो आवर्जून काढून घ्या. केस विस्कटलेले, पदर भिजलेला, तोंड उघडं... असू दे! मुलांच्या मुलांना कळायला हवं की आजी समुद्रावर गेली होती तेव्हा ती पाण्यात होती.