अंतर तेच, प्रवास साडेतीन तासांनी लांबला
– विशेष प्रतिनिधी

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यातील थेट हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ते कापण्यास साधारण साडेनऊ तास लागत. मार्चपासून त्याच प्रवासाला सुमारे १३ तास लागू लागले. विमानांचा वेग कमी झाला नव्हता. मधले रशियाचे आकाश बंद झाले होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना बंदी घातली. रशियानेही युरोपीय कंपन्यांना सैबेरियावरून उड्डाणास मनाई केली. १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक देशाचे पूर्ण सार्वभौमत्व असते. त्यामुळे वळसा घेण्यावाचून या कंपन्यांना पर्याय उरला नाही.

चोवीस तासांचे गणित

सर्वाधिक फटका बसला तो फिनएअरला. आशियाला जवळचे युरोपीय केंद्र म्हणून तिने हेलसिंकीचा विकास केला होता. साडेनऊ तासांच्या प्रवासामुळे एकच विमान टोकियोला जाऊन चोवीस तासांत परत येऊ शके. तेरा तास धरले तर जाण्यायेण्यातच २६ तास जातात. म्हणजे रोजच्या सेवेला एक विमान पुरत नाही. इंधनाचा आणि मनुष्यबळाचा खर्च वाढतो तो वेगळाच.

हा वळसा नवा नाही. १९८३ मध्ये फिनएअरने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हाही सोव्हिएत आकाश टाळून विमान उत्तर ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे जाई. त्याच वर्षी १ सप्टेंबरला मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ जण मृत्युमुखी पडले. सुमारे चार दशकांनंतर फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून उडू लागली.

चिनी कंपन्यांना मात्र रशियाचे आकाश खुले राहिले. स्पर्धेत मागे पडलेल्या ब्रिटिश एअरवेजने लंडन–बीजिंग आणि व्हर्जिन अटलांटिकने लंडन–शांघाय सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबविली.

भारतासाठी बोध

भारतालाही हा अनुभव नवा नाही. २०१९ मध्ये बालाकोट कारवाईनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. परदेशी कंपन्यांवर ती बंदी नव्हती.

दिल्ली-मुंबईला जागतिक विमान वाहतुकीचे केंद्र करण्याची भाषा होत असताना हेलसिंकीचे उदाहरण विसरता येणार नाही. नवी धावपट्टी आणि नवी विमाने पैशाने मिळतात. जवळची वाट मात्र शेजाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते. नफ्याचे गणित मांडताना ती संमती उद्या नसेल, हेही गृहीत धरावे लागेल.