चाळणी कोणाच्या हाती?



ब्रॅकनेलमध्ये चार मराठी घरे एकत्र जमली की हल्ली विषय हमखास निघतो: मुले आणि इंटरनेट. ऑनलाइन सेफ्टी कायद्याप्रमाणे २५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये अश्लील मजकूर आणि आत्महत्येला उत्तेजन देणारा मजकूर मुलांपर्यंत पोचू नये म्हणून वयाची कडक तपासणी सुरू झाली. पालक म्हणून आम्हालाही हायसे वाटले, खोटे कशाला बोला! पण सरकारच्या सांगण्यावरून लावलेली चाळणी नको ते अडवताना हवे तेही अडवते, असा अनुभव आहे. त्यातले दोन प्रसंग आठवून पाहू. एक आपल्या मुंबईचा, दुसरा इथला.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्या दिवशी 'मुंबई हेल्प' या ब्लॉगस्पॉटवरच्या ब्लॉगने अनेकांना आपल्या माणसांची खबर मिळवायला मदत केली. काही दिवसांतच दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना मोजकी दीडेक डझन पाने बंद करायला सांगितले. नेमके तेवढेच पान अडवण्याऐवजी अनेक कंपन्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉट आणि जिओसिटीजच बंद केले. एका बिऱ्हाडासाठी साऱ्या वाड्याला कुलूप! त्यात मदतीचा तो ब्लॉगही अडकला.

हे फक्त भारतातच होते असे मात्र नाही. डिसेंबर २००८ मध्ये इथल्या इंटरनेट वॉच फाउंडेशनने एका जुन्या रॉक अल्बमच्या मुखपृष्ठावरून विकिपीडियाचे एक पान आपल्या यादीत टाकले. ही संस्था सरकारी नाही, पण कंपन्यांनी तिची यादी वापरावी असा सरकारचा आग्रह होता. त्या एका पानापायी ब्रिटनमधल्या असंख्य लोकांना विकिपीडियावर काही लिहिताच येईना. ओरड झाली आणि चार दिवसांत पान यादीतून निघाले. ते विकिपीडिया होते म्हणून! आपल्यासारख्या छोट्या मंडळाचे पान असते, तर कोणाच्या लक्षात आले असते?

२०१३ साली पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या आग्रहावरून घरोघरच्या कनेक्शनवर चाळण्या आल्या. त्यांत लैंगिक शिक्षणाची आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारी काही संकेतस्थळेही अडकली. आई-बाबांना विचारायची लाज वाटणारी आपली मुले उत्तर शोधायला अशाच ठिकाणी जातात, हे विसरून कसे चालेल?

आताच्या कायद्यात दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढा होऊ शकतो. एवढी तलवार डोक्यावर असताना कंपन्या शंका आली तरी दार लावून घेणार, हे उघड आहे.

आमचा विरोध मुलांच्या संरक्षणाला नाही. पण जे अडवले त्याचे कारण सांगावे, पानाच्या मालकाला कळवावे आणि दाद मागायला जागा असावी, एवढे तरी आपण आपल्या खासदारांकडे मागायला हवे. घरातली चाळणी जरूर लावा. पण मुलांशी बोलायचे काम तिच्यावर सोपवू नका.

आपले मत जरूर कळवा.

– संपादक मंडळ