आखाताचे ऊन आणि ‘तुम्हाला सवय आहे’ ही थाप

बेलवली, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातून दुबई, दोहा, रियाध, कुवेत गाठणारी पोरे आपल्या वस्त्यांना नवीन नाहीत. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी एसी मेकॅनिक, कुणी नुसताच हेल्पर. ट्रेड टेस्ट झाली, मेडिकल झाले, व्हिसा आला की घरात आई हळूच विचारते, ‘तिकडे ऊन लय असतं म्हणे?’ आणि आजूबाजूचे चारजण एका सुरात सांगतात, ‘आपल्या पोरांना उन्हाचं काय घेऊन बसलात? सवय आहे.’ इथला एजंट हेच म्हणतो. तिथला सुपरवायझरही हेच म्हणतो.

मित्रांनो, आमचा आक्षेप नेमका या वाक्यावर आहे. हे वाक्य विज्ञानाला धरून नाही, आणि ते ज्या विचारातून येते तो विचार तर आपल्याच मुळावर उठलेला आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाने आणि त्याच्या घरच्यांनी हे समजून घेतले पाहिजे, कारण इथे प्रश्न पगाराचा नाही, जिवाचा आहे.

आधी विज्ञान पाहू. शरीराला उन्हाची सवय होते हे खरे. पण ती जन्माने मिळत नाही, जातीने मिळत नाही आणि एका दिवसात तर मुळीच मिळत नाही. रोज थोडा थोडा वेळ उष्णतेत काम केले की साधारण ७ ते १४ दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटू लागतो आणि जास्त सुटतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. अमेरिकेतील ‘नायोश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच वेळ उष्णतेत ठेवावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी जेमतेम दीड तास. त्याच देशाची ‘ओशा’ ही कामगार सुरक्षा यंत्रणा म्हणते की उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणजे सगळ्यात मोठा धोका नव्याने उतरलेल्या पोराला असतो. आणि नेमके त्यालाच, नवीन आहे म्हणून, पहिल्या दिवशी सगळ्यात जड कामाला जुंपले जाते.

आणखी एक गोष्ट. ही सवय टिकत नाही. आठवडाभर उन्हापासून लांब राहिले की ती उतरू लागते आणि महिनाभरात जवळजवळ निघून जाते. दोन वर्षे तिथे काढलेला माणूस पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीवर बेलवलीला येतो आणि ऑगस्टमध्ये परत जातो, तेव्हा त्याचे शरीर पुन्हा नवख्याचेच असते. ‘मी जुना आहे, मला काय होतंय’ हा भ्रम तिथे घातक ठरतो. जुन्या कामगारासाठी नायोशचा हिशेब वेगळा आहे: पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, मग ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम.

आता ऊन ऊन सारखेच का? आपल्याकडे मे महिन्यात चाळिशी गाठली की अंग चिकचिकते, सदरा भिजतो, तहान लागलेली कळते. रियाधसारख्या कोरड्या वाळवंटात घाम निघतो आणि तिथल्या तिथे सुकतो. सदरा कोरडा राहतो, माणसाला वाटते घामच येत नाही, आणि आत पाणी आटत चाललेले असते. याउलट दुबई, दोहा, दम्माम ही समुद्रकाठची शहरे. तिथे ऑगस्टमध्ये पारा वर आणि हवाही दमट, त्यामुळे घाम सुकतच नाही आणि अंग थंड होत नाही. कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. बेलवलीच्या उन्हाळ्याच्या भरवशावर या हवेत उतरणे म्हणजे उल्हास नदीत पोहता येते म्हणून भर समुद्रात उडी मारण्यासारखे आहे.

मग ‘यांना सवय आहे’ हे वाक्य येते कुठून? ते वाळवंटातून आलेले नाही, ते आपल्या गावगाड्यातून आलेले आहे. वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर, गटारात, ऊसतोडीला कोण राबते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. राबवणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी एक समज पसरवला की या लोकांची कातडीच वेगळी, यांना ऊन लागत नाही, यांना घाण वाटत नाही, यांना तहानही कमी लागते. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांचीच उतरंड कशी लावली जाते हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त उघडे पाडले. त्या उतरंडीला टिकायचे असेल तर तळच्या माणसाला हे पटवावेच लागते की तुझे शरीर यासाठीच बनले आहे. आखातात जात विचारत नाहीत, पण पासपोर्ट पाहून पगार ठरतो आणि पगार पाहून सावली मिळते. उतरंड तीच, नाव वेगळे. आणि दुःख याचे आहे की तिचे वाक्य आज आपण आपल्याच पोरांना अभिमानाने ऐकवतो.

ऊन कुणाची जात पाहत नाही, सहनशक्तीच्या गप्पाही ऐकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्याला आलेली माणसे काम करत नव्हती, नुसती बसली होती. पारा चाळिशीच्या आत होता. तरीही १४ जणांचा जीव गेला. ती सगळी महाराष्ट्राच्या उन्हातच वाढलेली माणसे होती.

आखाती देशांत कायदेच नाहीत असे समजू नका. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे आणि ती मोडणाऱ्या मालकाला प्रत्येक कामगारामागे ५,००० दिरहम दंड आहे. सौदीत याच तारखांना १२ ते ३ बंदी असते. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४. कतारने २०२१ मध्ये नियम कडक केले: १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० काम बंद, आणि तापमान, आर्द्रता, ऊन, वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे. हे नियम अपुरे आहेत, कारण घड्याळात तीन वाजले म्हणून वाळवंट थंड होत नाही. पण आहेत. आणि आपल्या किती पोरांना विमानात बसण्याआधी ते ठाऊक असतात?

न कळण्याची किंमत काय असते? २०१९ मध्ये ‘कार्डिओलॉजी’ या नियतकालिकात कतारमधील नेपाळी कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१७ या काळात हृदयविकाराने मेलेल्या ५७१ जणांपैकी २०० पर्यंत मृत्यू उष्णतेपासून नीट संरक्षण दिले असते तर टळले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. ही बहुतेक तरणीताठी, मेडिकल पास होऊन गेलेली माणसे होती. अशा मृत्यूंच्या दाखल्यांवर ‘हृदय बंद पडले’, ‘नैसर्गिक मृत्यू’ असे लिहिले जाते. नैसर्गिक म्हटले की मालकाची जबाबदारी संपते आणि घरच्यांच्या हाती शवपेटी येते. आपल्याकडची प्रवासी भारतीय विमा योजना १० लाखांची आहे, पण ती अपघाती मृत्यू आणि अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी. म्हणून दाखल्यावरचा एक शब्द घर उभे ठेवतो किंवा बसवतो.

काहीजण म्हणतील, ‘पोटाला लागलंय, तिथे जाऊन नियम सांगत बसलो तर परतीचं तिकीट हातात देतील.’ ही भीती खोटी नाही, आम्ही तिची टिंगल करणार नाही. पण आम्ही पोरांना तिथे एकट्याने भांडायला सांगत नाही आहोत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. मजुराचे शरीर किती तास ताणायचे हे मालकाच्या मर्जीवर नव्हे, कायद्यावर ठरले पाहिजे, हा त्यामागचा विचार. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते तहानेपोटी नव्हे, हक्कापोटी. पाणी, सावली आणि विश्रांती या मागण्यांना लाजायचे कारण आपल्याला तरी नाही.

आणखी कुणी म्हणेल, मग जाऊच नये का? जरूर जावे. गाव सोडा, शहर गाठा, हा तर बाबासाहेबांचा मार्ग. आखाताच्या पैशावर आपल्या वस्त्यांत पक्की घरे उभी राहिली, बहिणी शिकल्या. आमचे म्हणणे एवढेच की तयारीने जा. आणि ती तयारी करून घेणे हे समाजाचे काम आहे. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर लाखोंसाठी पाण्याचे आणि प्रथमोपचाराचे स्टॉल लावणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्यातून एक रविवार विहारात वर्ग घेणे जड नाही. त्या वर्गात एवढे तरी शिकवू या:

१. एजंट परवानाधारक आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावे. त्याचे शुल्क कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच आहे. भेटीच्या व्हिसावर कामाला जाऊ नये. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, त्याला सरकारी परवानगी आणि विमा दोन्ही लागतात. हे टाळून पाठवणारा एजंट तुमचा कुणी नाही.

२. जमल्यास थंडीच्या मोसमात रुजू व्हावे. उन्हाळ्यातच जावे लागले तर पहिले दोन आठवडे हळूहळू काम वाढवण्याची मागणी सगळ्या नव्या मुलांनी मिळून करावी.

३. तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी. मीठ जेवणातून जावे, म्हणून जेवण चुकवू नये. अंग झाकणारे सैल सुती कपडे घालावेत. रात्री दारू नको, ती शरीर आणखी कोरडे करते.

४. जोडीदार ठरवावा. सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग तापले, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि अॅम्ब्युलन्स बोलवावी. थंड करणे आधी, हलवणे नंतर.

५. कामाच्या वेळा, तब्येतीच्या तक्रारी, सुपरवायझरला केलेले मेसेज जपून ठेवावेत. कराराची प्रत आणि भारतीय दूतावासाचा नंबर घरीही असावा. आई आणि पत्नी यांनाही या वर्गात बसवावे, कारण प्रसंग आला तर कागदपत्रांची लढाई त्याच लढतात.

आणि हो, हा आग्रह फक्त आखातापुरता ठेवून चालणार नाही. बदलापूर-अंबरनाथच्या इमारतींवर आणि नाक्यांवर मे महिन्याच्या दुपारी राबणाराही आपलाच माणूस आहे. परदेशात दुपारच्या विश्रांतीचा हक्क मागायचा आणि इथे ‘चालतंय’ म्हणायचे, हे आंबेडकरी माणसाला शोभणारे नाही. पुढच्या वेळी बेलवलीत कुणी म्हणाले की आपल्या पोरांना सवय आहे, तर त्याला विचारा: किती दिवसांची, आणि कुणी वेळ दिला होता?

जय भीम!