बॅटरी बदलण्याआधी डायनामो तपासा: पिकअपवाल्यांचा खरा हिशोब



आपल्या कळंबमध्ये कापसाचा सीझन लागला की पिकअपला दम घ्यायला वेळ नसतो. सकाळी यवतमाळ, दुपारी राळेगाव, एखाद्या दिवशी थेट हिंगणघाट. आणि नेमक्या याच दिवसांत गाडी सेल्फ घेत नाही. मग आपण काय करतो? नवी बॅटरी टाकतो. महिनाभर गाडी मस्त चालते, नंतर पुन्हा तेच रडगाणं.

माझं मत स्पष्ट आहे. मीटर लावून चार्जिंग न बघता बॅटरी विकणं आणि विकत घेणं, दोन्ही बंद झालं पाहिजे. बॅटरी म्हणजे टाकी आणि अल्टरनेटर, ज्याला आपण गॅरेजवर डायनामो म्हणतो, तो म्हणजे मोटारपंप. पंप पाणी चढवत नसेल तर टाकी बदलून काय होणार?

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ दिसलं तर साधारण अर्धी रिकामी. आता इंजिन चालू करा, थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ आलं पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू करा. तरीही १३.५ च्या खाली जायला नको. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब आहे, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकेल. काही नव्या बीएस-६ गाड्यांमध्ये चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडे कमी-जास्त होतात, म्हणून गाडीचं मॅन्युअल बघा.

आकडा कमी आला म्हणून लगेच डायनामो उतरवू नका. मीटर थेट डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर लावा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असेल, तर दोष वायरीत, टर्मिनलवर किंवा अर्थिंगमध्ये आहे. पॉलिश पेपर मारून, नट घट्ट करून काम होऊ शकतं. पट्टा पण बघा. ढिला असेल, तडे गेले असतील, सकाळी चीं-चीं आवाज करत असेल तर तो आधी बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडच्या अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागेच बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग तर जातंच, पण ब्रेकला मिळणारी मदतही जाते. पेडल दगडासारखं कडक होतं. मागे कापूस भरलेला आणि गाडी उतारावर असेल, तर काय होईल सांगायची गरज नाही. त्या पंपाच्या सीलमधून ऑइल गळून डायनामोत शिरलं तर कार्बनही खराब होतात. म्हणून डायनामोला तेलकट बघितलं की फडक्याने पुसून गप्प बसू नका.

रिपेअर करायचा की नवा टाकायचा? माझा नियम असा आहे. कार्बन झिजले, बेअरिंग घुरघुरतंय, रेग्युलेटर गेला, तर रिपेअर करा. कॉइल जळाली असेल, स्लिप रिंग खोल झिजली असेल किंवा वर्षभरात दुसऱ्यांदा डायनामो खोलावा लागत असेल, तर बदला. नवा घेताना लेबलवरचा अँपिअर जुन्याइतकाच हवा, पुली तीच हवी आणि वॉरंटीचं पक्कं बिल हवं. उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "डायनामो चेक" करणाऱ्याला हात जोडून थांबवा. त्या झटक्याने डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

काही जण म्हणतील, "भाऊ, चालतंय ना, मग कशाला खोलायचं?" सीझनमध्ये एक दिवस गाडी उभी ठेवणं जड जातं, हे मला मान्य आहे. पण हिशोब करू. समजा खर्च जाऊन एका फेरीचे १,२०० रुपये उरतात आणि दिवसाला दोन फेऱ्या होतात. ऐन सीझनमध्ये गाडी दोन दिवस बंद पडली की ४,८०० गेले. वरून टोइंग वेगळं. आणि ज्या शेतकऱ्याचा माल रस्त्यात अडकला, तो पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. हे नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही. तपासायला मात्र दहा मिनिटं लागतात.

म्हणून दसऱ्याला गाडीची पूजा करता तेव्हाच पट्टा, टर्मिनल, चार्जिंग तपासून घ्या आणि आकडा तारखेसह डायरीत लिहा. उन्हाळ्याआधी पुन्हा एकदा बघा, कारण आपल्या विदर्भातल्या उन्हात आधीच तापलेल्या बॉनेटखाली डायोडचं आयुष्य कमी होतं. गाडी धुताना प्रेशरचं पाणी थेट डायनामोवर मारू नका. जादा लाइटा आणि मोठा साउंड लावताना डायनामोचा अँपिअर विचारा. नुसते दोन १०० वॅटचे बल्बच पंधरा अँपिअरच्या आसपास ओढतात.

गॅरेज आणि बॅटरीच्या दुकानवाल्या मित्रांनाही एक सांगतो. गिऱ्हाइकासमोर मीटर लावा, आकडा त्याला दाखवा, बिलावर लिहा. कधी कधी त्या दिवशी बॅटरी विकली जाणार नाही, नुसत्या पट्ट्याचे पैसे मिळतील. पण तोच माणूस पुढची दहा वर्षं तुमच्याकडे येईल, आणि गावातल्या चार जणांना घेऊन येईल. छोट्या गावात याहून स्वस्त जाहिरात नाही.

मीटर कुठे आणि कसा लावायचा, ते व्हिडिओत दाखवलंय. आज संध्याकाळी गाडी घरी लागली की आधी तो आकडा बघा.